उन्हाळ्यात कुत्र्याला झिरो मारायचा का?

धरमपेठकर (नागपूर)
मे लागला की आमच्या सोसायटीतली निम्मी कुत्री ओळखू येत नाहीत. शेफर्ड, पॉमेरेनियन, एक हस्कीसुद्धा, सगळे भादरलेले. मालक खूश: 'बिचाऱ्याला किती हलकं वाटतंय!' माझ्या मते हा उपाय नाही, उपद्रव आहे. या जातींना केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन अडवतात, खालची मऊ लव उन्हाळ्यात आपोआप गळते. सगळं काढलं की ४५ अंशांचं ऊन थेट कातडीवर. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळा कारभार जिभेवर आणि धापेवर. मग केस काढून वाळणार काय? गळकी लव रोज विंचरा, पुरे. पूडलसारख्या एकेरी केसांच्या कुत्र्यांचे आखूड केले तर हरकत नाही.

वऱ्हाडी गडी (अकोला)
ना बाप्पा, हे पुस्तकी झालं. आम्ही आमच्या शेफर्डले दर चैत्रात बारीक करतो, काहून की गोचीड! दाट केसात ती दिसतच नाही, अन् गोचीडताप झाला की जनावर अर्धं होते. केस आखूड असले की हाताले लागते. रोज विंचरत बसाले कोनाले येळ हाय? जटा झाल्यावर कोणती हवा खेळते तेही सांगा.

धरमपेठकर
जटा कापा, मान्य. गोचिडीला डॉक्टर थेंब देतात, गोळ्या देतात. आखूड करणं वेगळं आणि कातडी दिसेपर्यंत मशीन फिरवणं वेगळं. नंतर कधी कधी केस ठिगळांसारखे उगवतात, तेही बघा.

डोंबिवलीकर
तुमच्याकडे निदान कूलर चालतो. आमच्याकडे तापमान ३४ असतं, पण हवा इतकी दमट की धाप लागून जिभेवरचं पाणी वाळतच नाही. त्यात माझा पग, नाकाने आधीच बसका. बंद खोलीत कूलर लावला तर दमटपणा वाढतोच. पंखा, गार फरशी, सकाळी सातच्या आत फिरणं. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका.

बोक्याची आई (पुणे)
मांजरांना कोणी वालीच नाही वाटतं! मांजर अंग चाटून गार होतं. ते तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर 'दमलं असेल' म्हणू नका, थेट दवाखाना. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोकं उन्हाने भाजतात, वर्षानुवर्षं तसं होत राहिलं तर तिथे कर्करोगही होतो. दुपारी गच्चीची चावी लपवा.

कोळसेवाला (चंद्रपूर)
एवढे लाड? गावठी कुत्री नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही जगतात. ती ट्रकखाली शिरतात, ओली माती उकरून पोट टेकवतात, नाही तर सरळ नालीत बसतात. जागा त्यांची ती निवडतात. तुमचं शेफर्ड पत्र्याखाली साखळीला. केसांवर काय भांडता, दुपारी साखळी सोडा अन् घरात घ्या.

वऱ्हाडी गडी
हे पटलं. पण साखळी सोडली तर पोस्टमनले कोण सांभाळन? अन् ऊन लागलंच तर कांद्याचा रस पाजायचा, आमच्या आजीचा उपाय.

दवाखान्यातला मदतनीस
दादा, कांदा अजिबात नको! कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. 'ताप' समजून पॅरासिटामॉलही देऊ नका. मांजर त्याने मरतं, आणि उष्माघात त्या गोळीने उतरत नाही. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की जीवावर बेततं. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नको, ते उकळतं असतं. माठातलं ओता.

वऱ्हाडी गडी
कांदा रद्द. मशीन मात्र येत्या रविवारी लागणारच.

धरमपेठकर
दोन इंच ठेवा.

वऱ्हाडी गडी
एक. अन् घासाघीस नाही.