वासराचं प्रोटीन उतरतंय, घाबरायचं का?

कुडाळचा_गोठा:
कोकण कपिला गाय आहे, पाडी 5 आठवड्यांची. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा टोटल प्रोटीन 6.4 होतं, आता 5.7 आलंय. अल्ब्युमिन मात्र 2.6 चं 3.0 झालं. पाडी उड्या मारतेय, दूध पितेय, मग प्रोटीन गेलं कुठे? दूध तोडायचा विचार होता, तो थांबवू का?

जनावरांचा_डॉक्टर:
टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करून बघा, उरतं ते ग्लोब्युलिन, रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी यातच असतात. ते 3.8 वरून 2.7 झालंय. जे गेलं ते तुमच्या पाडीचं नव्हतंच, आईचं होतं. गाईच्या वारेतून अँटिबॉडी पलीकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडीचाच भाग) जवळजवळ नसतंच, मग चीक प्यालं की आतडं ते अख्खंच्या अख्खं रक्तात घेतं, पण ही सोय साधारण पहिल्या 24 तासांपुरतीच, त्यातही पहिले 6 तास सोन्याचे. हे उसनं आयजीजी (चिकातली मुख्य अँटिबॉडी) साधारण 3 आठवड्यांत निम्मं होतं. स्वतःचं बनायला लागतं पण हळूहळू, म्हणून मधे खड्डा पडतो. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, ते वाढतंय म्हणजे पोषण बरं चाललंय.
माणसाच्या बाळाला आईचं आयजीजी पोटातच मिळतं, तरी त्यालाही 3 ते 6 महिन्यांत असाच खड्डा पडतो.

मालवणी_माणूस:
आमची आज्जी म्हणायची, आधी वासराक पोटभर, उरलो तर खरवस! आता लोक चीक विकूक काढतत आणि वासराक चमचोभर.

कुडाळचा_गोठा:
@जनावरांचा_डॉक्टर बरं वाटलं. पण दूध तोडू का नको?

जनावरांचा_डॉक्टर:
आत्ता नको. ऐन खड्ड्यात, त्यात पावसाळा, गोठा ओला, आणि वर दूध तोडण्याचा ताण, हगवण लागायला एवढं पुरतं. खुराक आणि गवत रोज नीट खायला लागू दे, मग हळूहळू कमी करा. आणि एक, हगवण लागली असताना रक्त तपासून खूश होऊ नका, अंगातलं पाणी कमी झालं की प्रोटीन उगाच जास्त दिसतं.

कुडाळचा_गोठा:
ओके, दूध चालू ठेवतो. बाबांना आता सांगावं लागेल, त्यांनी चहासाठी हिशोब धरला होता 😅