शब्दचर्चा : तपासले, पडताळले, ताळा

प्रश्न : ‘गिम्प्स’ हा मर्सेन मूळ संख्यांचा (दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा; तो घात म्हणजे घातांक) सामूहिक शोध १९९६ पासून चालू आहे. त्याच्या प्रगतीवर मराठीत लिहितो आहे. तिथे दोन टप्पे वेगवेगळे नोंदवतात : अमुक आकड्याखालचे सगळे घातांक एकदा करून झाले, आणि अमुक आकड्याखालच्या सगळ्यांची खात्री पटली. दोन्हींना ‘तपासले’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : कृपया तसं करू नका. पहिल्यासाठी ‘तपासले’, दुसऱ्यासाठी ‘पडताळले’. संख्येचा क्रमांक या दुसऱ्या शब्दावर ठरतो. ऑगस्ट २००८ मध्ये ४,३१,१२,६०९ या घातांकाची मूळ संख्या सापडली, तेव्हा ती पंचेचाळिसावी ज्ञात होती. पंधरवड्यात ३,७१,५६,६६७ ची सापडली आणि २००९ मध्ये ४,२६,४३,८०१ ची. दोन्ही तिच्याहून लहान, म्हणून ती सत्तेचाळिसावी झाली. तिच्याखालचे सगळे घातांक पडताळून हा क्रमांक पक्का व्हायला २०१८ उजाडलं. म्हणून २०२४ मध्ये सापडलेल्या, ४,१०,२४,३२० अंकी संख्येला ‘बावन्नावी ज्ञात’ म्हणावं, नुसतं ‘बावन्नावी’ नको. वर्तमानपत्रांत ‘ज्ञात’ गळतं आणि वाक्य चुकीचं होतं.

प्रश्नकर्ता : मग पडताळणीला ‘फेरतपासणी’ म्हणू का?

प्रतिसाद : जुन्या पद्धतीपुरतं अगदी बरोबर. मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे नक्की ठरवणाऱ्या लुकास-लेहमर चाचणीत अख्खं गणित पुन्हा करावं लागे. दोन स्वतंत्र गणितांच्या शेवटच्या बाकीचे ६४ बिट जुळले तर पडताळलं, नाही जुळले तर तिसऱ्यांदा करायचं. २०२० पासून मात्र ‘संभाव्य मूळ’ एवढंच ठरवणाऱ्या दुसऱ्या एका चाचणीत संगणक उत्तरासोबत एक दाखलाही पाठवू शकतो. तो तपासायला मूळ गणिताच्या एक टक्क्याहूनही कमी काम पुरतं. यासाठी आपल्याकडे शाळेतला नेमका शब्द आहे : ताळा. भागाकार पुन्हा न मांडता भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून बघायचो, तोच ताळा. मला हा शब्द इथे मनापासून हवा आहे. ‘पडताळणी’ हे व्यापक नाव ठेवा आणि तिचे दोन प्रकार करा, फेरतपासणी आणि ताळा.

आणखी एक प्रतिसाद : सहमत. ‘मैलाचा दगड’ऐवजी ‘टप्पा’ घेतलात तेही बरं.

‘संभाव्य मूळ’ आणि ‘सिद्ध मूळ’ हेही वेगळे ठेवा. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने १३,६२,७९,८४१ या घातांकाची संख्या बहुधा मूळ असल्याचं कळवलं. त्याने केलेल्या चाचणीतून एवढंच म्हणता येतं. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या प्रोसेसरवर लुकास-लेहमर चाचणी पूर्ण झाली, तेव्हा ती सिद्ध झाली. शोधाची तारीख म्हणून १२ ऑक्टोबरच लिहा.