खोती गेली, मग ओटीवर बसायला अजून भीती का वाटते?

काजूगर: गणपतीला राजापूरकडे गावी गेलेलो. जुन्या खोतांच्या (गावचा सारा वसूल करणारे जमीनदार) घरी बाबांना खुर्ची दिली तरी ते पायरीवरच टेकले. अहो, हाच माणूस गिरणीत होता, ८२च्या संपात गेटवर सगळ्यात पुढे, आणि एसटीतून गावात उतरला की आवाजच बदलतो. खोती १९४९च्या कायद्याने गेली ना?

खाडीपलीकडचा: कायद्याने सातबारा बदलला ओ, पण लहानपणी 'वर बसू नको' म्हणून आजीने काढलेला चिमटा कसा जाणार. मुंबईत त्यांना कोण ओळखत होतं? गावात सगळ्यांना आजा-पणजा माहीत.

अलिबागवाली: सगळीकडे असं नाही हां. आमच्याकडे चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं खोतांची शेती कसायला घेतलीच नाही, हाल सोसले पण हटले नाहीत. १९३७ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिलही मांडलेलं. आमचे आजोबा तर तहसीलदारासमोर खुर्ची ओढून बसायचे, विचारायचे पण नाहीत.

बोंबीलप्रेमी: कोळीवाड्यात बघा, म्हावरं बाई विकते, पैसा तिच्या हातात, म्हणून आमची आई बँकेच्या साहेबाला पण अरे-तुरे करते. बाबा मात्र गप्प, मागे पिशवी धरून 😄

काजूगर: पुढच्या वर्षी मीच खुर्चीत बसून बघतो. बाबा काय बोलतील कोण जाणे.