दत्तजयंतीच्या रात्री ‘आकाशगंगेखाली मुक्काम’: चूक कुणाची?

पिंपळपान

१४-१५ डिसेंबर २०२४ च्या शनिवार-रविवारी पवनेच्या काठी एका आकाशदर्शन शिबिराला जाऊन आले. मी, माझी दहा वर्षांची लेक आणि बाबा. माणशी २४०० रुपये. जाहिरातीत होतं: ‘आकाशगंगेखाली एक रात्र. जेमिनिड्स उल्कावर्षाव, तासाला १२० उल्का. ८ इंची दुर्बीण. आकाशगंगेचा फोटो काढायला शिका.’ सोबत एका तंबूमागून वर चढत गेलेल्या दुधाळ पट्ट्याचा फोटो.

बाबा ७३ वर्षांचे आहेत. लहानपण माण तालुक्यात गेलं. खळ्यावर राखणीला झोपायचे तेव्हा आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायची, हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकत आलोय. चिंचवडला राहायला आल्यापासून त्यांनी ती पाहिलेली नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, “आज दत्तजयंती ना गं? मग टिपूर चांदणं असणार की.” मी म्हटलं, “बाबा, त्यांच्याकडे जाणकार माणसं आहेत, त्यांनी बघूनच तारीख ठरवली असेल.” स्वतःचंच हे वाक्य मला चार दिवस झोंबतंय.

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा. आम्ही जेवून बाहेर आलो तेव्हा तंबूच्या दोऱ्यांच्या सावल्या गवतावर स्पष्ट पडलेल्या होत्या. पूर्वेला पिंपरी-चिंचवडचा नारिंगी उजेड होता तो वेगळाच. आयोजकांच्या स्वतःच्या तंबूंवर दिव्यांच्या माळा रात्रभर चालू होत्या. शेजारच्या कॅम्पवर साडेबारापर्यंत गाणी. ८ इंची दुर्बीण आलीच नाही, ७० मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम पावणेतीन इंची, एक आली, तीही लटपटत्या तिवईवर. आम्ही साठेक जण. आमचा नंबर पावणेअकराला लागला. गुरू नजरेत येतोय न येतोय तोच सरकून गेला, आणि मागचे लोक खोळंबले होते.

मार्गदर्शक म्हणून आलेल्या मुलाला अकरा वाजता विचारलं, आकाशगंगा कधी दिसेल? “थोड्या वेळाने.” एक वाजता परत विचारलं. “वर पातळ ढग आहेत.” ढगाचा एक तुकडा नव्हता हो आकाशात. मला सगळ्यात जास्त राग या उत्तराचा आहे.

लेकीने उल्का मोजायला वही नेली होती. अकरा ते तीन, चार तासांत नऊ रेघा. बाबा खुर्चीत बसून शालीचा पदर चंद्राच्या बाजूने कपाळाशी आडोशासारखा धरून कृत्तिकेच्या पुंजक्यातल्या चांदण्या मोजत होते. चार झाल्या. “गावाकडे सहा मोजायचो,” एवढंच म्हणाले आणि पदर खाली सोडला.

मी निम्मे पैसे परत मागितले. उत्तर आलं, ‘निसर्ग आमच्या हातात नाही.’ पाऊस पडला असता, ढग आले असते, तर मी चकार शब्द काढला नसता. पण पौर्णिमा अचानक येत नाही. ती वर्षभर आधी छापून भिंतीवर टांगलेली असते. माझी मागणी चुकीची आहे का, मनमोकळं सांगा.

रानवाट

तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मला तुमची मागणी पटली नाही. मी आठ वर्षं हौशी लोकांना घेऊन डोंगरात जातो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

पहिलं म्हणजे २४०० मध्ये तंबू, रात्रीचं जेवण, चहा, नाश्ता आणि जागेचं भाडं धरा. पवनेकाठी शनिवारी नुसत्या मुक्कामाचेच पंधराशेच्या आसपास जातात. म्हणजे आकाशाचे म्हणून तुम्ही आठ-नऊशे दिले.

दुसरं, लोक फक्त शनिवारी येतात. अमावास्या मंगळवारी आली तर कार्यक्रम मंगळवारी ठेवून कोण येणार? पावसाळ्याचे चार महिने हातातून जातात. उरलेल्या शनिवारांत अंधाराचे किती निघतात ते एकदा मोजा. त्यावर घर चालवायचं असतं.

तिसरं, त्या रात्री काही नव्हतं असं नाही. ७ डिसेंबरलाच गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला होता, म्हणजे वर्षातला सगळ्यात तेजस्वी गुरू तुम्हाला मिळाला. तुमच्या शिबिराच्या रात्री चंद्र गुरू आणि रोहिणी ताऱ्याच्या शेजारी होता. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र, वर शनी, नऊनंतर कर्क राशीतला मंगळ. इतकी पंगत रोज बसत नाही. दिव्यांचं म्हणाल तर पवनेच्या बाजूला बिबट्या फिरतो, साठ माणसं लेकराबाळांसह उघड्यावर असताना मिट्ट काळोख करायची जोखीम मी तरी घेणार नाही.

आणि राग मानू नका, बाबांना जे दाराशी कळलं ते तुम्हाला पैसे भरताना कळायला हवं होतं. घरात कालनिर्णय असेलच.

दुर्बीणवाला

रानवाट, ग्रहांचं तुमचं सगळं बरोबर आहे. म्हणूनच तर मला जास्त चीड येते. त्या रात्रीची खरी जाहिरात करता आली असती: ‘गुरू, शुक्र, शनी, मंगळ आणि पूर्णचंद्र, एका रात्रीत.’ मी स्वतः लेकरांना घेऊन गेलो असतो. त्यांनी विकलं काय? आकाशगंगा. आणि ती ज्या रात्री दिसूच शकत नाही त्या रात्री.

जाहिरातीतला तो फोटो मीही पाहिला होता. पट्ट्याच्या उजव्या अंगाला विंचवाची नांगी आहे, वर ज्येष्ठा लालसर दिसते. वृश्चिक आणि धनु राशींकडे आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग आहे, तो उन्हाळ्यात पाहायचा. १४ डिसेंबरला पंचांगाप्रमाणे सूर्यच वृश्चिकेत बसलेला होता, दुसऱ्या दिवशी धनुसंक्रांत. तो भाग दिवसा डोक्यावरून जातो. हिवाळ्यातही आकाशगंगा असते, मृगाच्या पूर्वेकडून मिथुनेच्या पायाशी जाते, पण ती फिकट. तिला काळंकुट्ट आकाश लागतं.

तासाला १२० उल्का हा आकडा थापेचा नाही, पण अर्धवट आहे. उल्कांचा उगमबिंदू नेमका डोक्यावर आणि आकाश पूर्ण अंधारं असेल तर काय दिसेल, त्याचा तो हिशेब असतो. पौर्णिमेच्या उजेडात बारीक उल्का सगळ्या पुसल्या जातात. शिवाय यंदा वर्षावाचा भर शनिवारी पहाटे येऊन गेला. जेमिनिड्स त्यानंतर झपाट्याने ओसरतात. शिबिर सुरू झालं शनिवारी दुपारी. म्हणजे चंद्र सोडा, रात्रच चुकली. तुमच्या लेकीच्या नऊ रेघा मला अगदी खऱ्या वाटतात. ती वही जपून ठेवा, निरीक्षण असंच नोंदवतात.

शनिवारांच्या अडचणीबद्दल: १ डिसेंबरला अमावास्या होती आणि वार रविवार. ३० डिसेंबरला सोमवती. म्हणजे महिन्याभरात ३० नोव्हेंबर आणि २८ डिसेंबर असे दोन शनिवार अंधाराचे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्र-रात्र जागवतं. कार्यक्रम ठरवताना अशी माणसं आधी तिथी बघतात, मग वार.

बिबट्याचं मान्य. मग दिव्यांना लाल जिलेटिन कागद लावा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पांढऱ्या दिव्याकडे एकदा बघितलं की ती वाया जातात. लाल उजेडात वाटही दिसते आणि डोळेही शाबूत राहतात. खर्च कागदाचा.

कोकणमेवा

माझं मत मधलं आहे. मागच्या वर्षी आम्हीही असेच एका शिबिराला गेलो, तिथेही चंद्र होता. पण तिथल्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, “आज तारे कमी दिसतील, आज आपण चंद्र बघू.” सप्तमी होती. उजेड-अंधाराच्या कडेवर विवरांच्या सावल्या अशा उठून दिसत होत्या की माझा मुलगा डोळा काढायला तयार नव्हता. पौर्णिमेला हे पण नाही, सूर्य समोरून असतो म्हणून सावल्याच नसतात, चंद्र सपाट पांढरा. पण खरं सांगितलं असतं तर लोकांनी वेगळ्या मनाने पाहिलं असतं.

तालुका वकील

भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. सेवेचं खोटं वर्णन त्यात येतं. ‘निसर्ग हातात नाही’ हे ढगांना लागू पडेल. ८ इंची दुर्बीण हा निसर्ग नाही. ती सांगितली आणि आणली नाही, इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. जाहिरात, पावती आणि तिथल्या दुर्बिणीचा फोटो जपून ठेवा. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्याने पैसे परत येतात. पुढे आयोगात जावं लागलं तरी पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

रानवाट

दुर्बिणीचा मुद्दा मान्य. सांगितली तर आणायलाच हवी, आणली नाही तर तोंडाने सांगायला हवं. ‘पातळ ढग आहेत’ हे उत्तर तर मलाही लाजिरवाणं वाटलं. माझ्या गटातल्या पोराने असं केलं असतं तर पुढच्या खेपेला नेलं नसतं.

पण कायद्याची भाषा आली की मला धास्ती वाटते. असे छोटे गट तीन-चार पोरं मिळून चालवतात. दोन तक्रारी झाल्या की बंद पडतात, आणि मग पवनेकाठी उरतात फक्त ते साडेबारापर्यंत गाणी लावणारे. तुम्हाला तेच हवंय का? निम्मे पैसे मागण्याऐवजी पुढच्या शिबिरात सवलत मागितली असती तर दोघांचंही भलं झालं असतं.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. रानवाट, तुम्ही कालनिर्णयाचं लिहिलंत ते मला लागलं, पण खरं आहे. बघायला हवं होतं. तरीही मी डॉक्टरकडे जाते तेव्हा औषधाची तारीख स्वतः तपासावी लागेल असं धरून जात नाही. ज्याला येतं असं तो सांगतो त्याच्यावर विसंबूनच पैसे देते. आकाशातलं मला काही कळत नाही, म्हणून तर शिबिराला गेले. त्या साठ जणांत बहुतेक माझ्यासारखेच असणार, कित्येक जण पहिल्यांदा आलेले. ते आता घरी सांगतील की उल्कावर्षाव वगैरे काही नसतं, सगळी पेपरवाल्यांची हवा. शिबिर चालवणाऱ्या मुलांबद्दल तुम्हाला कळवळा आहे, मला या माणसांबद्दल आहे.

सवलतीचं म्हणाल तर ती आजच आली. ‘पुढील आकाशगंगा शिबिरात १० टक्के सूट.’ तारीख ११-१२ जानेवारी. या वेळी मी आधी भिंतीपाशी गेले. पौष पौर्णिमा १३ तारखेला. फोटोही तोच लावलाय, विंचवाच्या नांगीचा.

उद्या १९१५ ला फोन करतेय.

रानवाट

११ जानेवारी वाचलं आणि गप्प बसलो. एकदा चूक होऊ शकते, तुम्ही लेखी कळवल्यावरही महिन्याभरात तीच चूक होत नाही. करा फोन. पूर्ण जेवण-मुक्कामाचे पैसे मागायला माझा अजूनही विरोध आहे, दुर्बिणीचे आणि आकाशाचे मागा.

दुर्बीणवाला

पिंपळपान, २८ ला आम्ही सात-आठ जण माणच्याच बाजूला जातोय, मित्राच्या शेतात. शिबिर नाही, शुल्क नाही, जेवण ज्याचं त्याने आणायचं. तंबू नाहीत, पण बाबांसाठी खाट मिळेल. थंडी कडक असते, कानटोपी हवीच. त्यांना विचारून कळवा.