शब्दचर्चा : गाठीच्या अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘अँटिबॉडी’

प्रश्न (सिडको, नाशिक) : आईच्या थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर आलेल्या अहवालात ‘गॅलेक्टिन-३, एचबीएमई-१ व सीके-१९ पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. पूर्वी तिच्या रक्तातही अँटी-टीपीओ (थायरॉइडमधल्या टीपीओ या प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या होत्या. दोन्हींचा अर्थ एकच का, आणि दोन्हींना ‘प्रतिपिंड’ म्हणावे का?

उत्तर (म्हसरूळ) : प्रतिपिंड हा शब्द दोन्हीकडे बरोबर आहे, पण अर्थ एक नाही. रक्तातली प्रतिपिंडे आईंच्या शरीराने स्वतःच्याच अवटू (थायरॉइड) ग्रंथीविरुद्ध तयार केलेली असतात. त्यांवरून हाशिमोटोसारख्या (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला दाह होणाऱ्या) विकाराचा अंदाज येतो, गाठ कर्करोगाची आहे की नाही हे कळत नाही. गाठीच्या तपासणीतले प्रतिपिंड मात्र प्रयोगशाळेत बाटलीतून येते. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात आणि विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. ते जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो, आणि पेशींची केंद्रके निळी दिसतात. म्हणजे येथे ‘पॉझिटिव्ह’ असते ते पेशीतले प्रथिन. गंमत म्हणजे गॅलेक्टिन-३ आणि सीके-१९ ही प्रथिनांची नावे, तर एचबीएमई-१ हे खुद्द प्रतिपिंडाचे. मेसोथेलिओमा (फुप्फुसासारख्या अवयवांच्या आवरणाचा कर्करोग) ओळखण्यासाठी घडवलेले ते प्रतिपिंड पुढे थायरॉइडलाही उपयोगी पडले.

प्रश्न : मग तिन्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नक्की, असे समजायचे का?

उत्तर : तिन्ही एकत्र आणि ठळक असतील तर पॅपिलरी या थायरॉइड कर्करोगाच्या प्रकाराच्या निदानाला चांगले बळ मिळते, पण निदान केवळ रंगावर होत नाही. हाशिमोटोच्या दाहातही सीके-१९ आणि गॅलेक्टिन-३ काही पेशींत उमटू शकतात, त्यामुळे आईंचा जुना रक्ताचा अहवाल पॅथॉलॉजिस्टना अवश्य दाखवावा. केंद्रके फिकट, काचेसारखी, खाच पडलेली आहेत का, हे साध्या रंगाच्या काचपट्टीवरच पाहतात. फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकारात तर गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली गेली आहे का, हाच निर्णायक प्रश्न असतो.

म्हणून मार्करला, म्हणजे गॅलेक्टिन-३सारख्या अशा खुणांना, ‘पुरावा’ म्हणू नये, ‘दर्शक’ म्हणावे, असे माझे मत. अहवालात ‘कॅल्सिटोनिन निगेटिव्ह’ अशीही ओळ असेल, तर ती तपासणी मेड्युलरी प्रकार (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचा थायरॉइड कर्करोग) वगळण्यासाठी केलेली असते; त्या निगेटिव्हचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा घेऊ नये.