खोतांना चार पिढ्या, कुळांना एक ओळ?

जगबुडीकाठ: परवा एकाने लिहिलं, की एकाच गावात चार-चार पिढ्या घोटाळणाऱ्या कादंबऱ्या म्हणजे पडक्या वाड्यांसाठी काढलेले गळे, आणि 'तुंबाडचे खोत' हा त्यातला सगळ्यात लांब गळा. आजच्या वाचकाने त्या वाटेला जाऊ नये, असा फुकट सल्लाही होता. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, मावेना. म्हणून हा धागा.

श्री. ना. पेंडशांचे ते दोन खंड १९८७ साली आले. ते जाड आहेत, कारण खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून वाटा घ्यायचा पिढीजात हक्क, एका माणसाच्या आयुष्यात मावतच नाही. पेशवाई जाते, इंग्रजांची मोजणी येते, मग १८८०चा खोती कायदा, गावातली पोरं मुंबईला गिरणीत, आणि शेवटी १९४९चा खोती निर्मूलन कायदा. आजोबाने दडपलेलं नातवाच्या अंगावर येतं, ते दाखवायला नातू जन्मावा तर लागतो! आणि गाव एकच ठेवलं की काय हललं ते कळतं. एकट्या नायकाच्या अडीचशे पानांत हे बसवून दाखवा.

अर्धेलवाला: तो सल्ला माझा नव्हता, पण मला पटला. पिढ्या कुणाच्या? खोतांच्या. पिकलेल्या भातातलं निम्मं अर्धेल म्हणून वाड्यावर घालणारा, वर वेठीला स्वतःचे बैल घेऊन जाणारा कुणबी पहिल्या पिढीत गडी, चौथ्या पिढीतही गडीच. अशा पुस्तकांतून त्याला ना बाप असतो, ना आजा. माझे आजोबा खोताच्या अंगणातून जाताना वहाणा हातात घ्यायचे. त्यांच्या बापाचं नाव आम्हाला ठाऊक नाही, कारण कुणी लिहूनच ठेवलं नाही. १९३३ ते ३९, सहा वर्षं चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून जमीन पडीक टाकली. त्याचे दोन खंड दाखवा, मग तुमच्या जाडीचं कौतुक करतो.

जगबुडीकाठ: चरी अलिबाग तालुक्यात, तुंबाड खेड तालुक्यात. पेंडशांनी दुसऱ्याच जिल्ह्याची कादंबरी का नाही लिहिली, ही कसली टीका?

अर्धेलवाला: बाबासाहेबांनी १९३७ला मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं, ते काय फक्त अलिबागसाठी? कोकणातली कुळं १९३८च्या जानेवारीत मुंबईत मोर्चाने गेली. जिल्ह्याच्या हद्दी आता आठवल्या होय!

पान_दुमडू: मी खंड मागितला की वाचनालयात दुसराच असतो. पहिला कायम कुणाकडे तरी. ही खरी समस्या आहे, खोती नव्हे.

नवीन_सदस्य: 'तुंबाड' सिनेमा पाहिला. त्यातला तो राक्षस, हस्तर, कुठल्या खंडात येतो?

जगबुडीकाठ: कुठल्याच नाही. २०१८च्या सिनेमाने नाव तेवढं घेतलंय.

खाडीपलीकडे: तुम्ही दोघं 'खोत' म्हटलं की एकाच जातीचे वाडे बघताय. रत्नागिरी जिल्ह्यात मराठा खोत होते, मुसलमान खोतही होते. आमचेच होते. आमच्यावर कुणी दोन खंड लिहिलेले मी तरी वाचले नाहीत. रडायचं असेल तर रांगेत या.

आणि जाता जाता माझंही एक गाऱ्हाणं. खोती गेली, मेहेरबानी झाली, पण आमच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा बसलेत. वारस मुंब्र्यात, दुबईत, एक चुलता केपटाऊनला. बांध घालायचा तरी कुणाकुणाची संमती आणू?

घाटावरचा: सामाईक सातबारा म्हणजे नरक. आमच्याकडे एका आंब्यावरून दोन भाऊ बोलत नाहीत.

माहेरवाशीण: आणि बहिणींचं काय? हक्कसोडपत्रावर सही मागायला सगळे दारात, नंतर आंब्याची पेटीसुद्धा नाही.

वाड्यातली: आमची बाजूही ऐका. कूळकायदा आला तेव्हा आजी विधवा होती. विधवा मालकीण असली की कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जायचा, तेवढ्यावर तिने दिवस काढले. ती गेली आणि जमीनही गेली. उरला तो फुटक्या कौलांचा वाडा. तोही 'शोषकांचा' म्हणून ऐकून घ्यायचा.

अर्धेलवाला: जमीन 'गेली' म्हणजे? कसत कोण होतं? ज्याची होती त्याच्याकडे आली.

वाड्यातली: माझी आजी दळण दळायची हो. तुमच्या मोर्च्यातली खलनायिका नव्हती ती.

अर्धेलवाला: स्वतःचं दळत होती ना? आमची आजी दुसऱ्याचं.

जगबुडीकाठ: धागा कादंबरीवर आहे!

घाटावरचा: होता.

फेरफार_वाचणारी: महसूल खात्यात नोकरी केली, म्हणून बोलते. अर्धेलवाले, कुळांचं कुणी लिहून ठेवलं नाही, हे खरं नाही. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदवह्या, काढा. कूळ मेलं की वारसनोंद: मुलगे, विधवा, वारस अज्ञान म्हणजे वयाने लहान असेल तर पालक कोण, कुणाचं नाव कधी कमी झालं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुळाची नोंद. दोन भावांत कधी फाटलं ते तारखेसकट कळतं. वाड्याच्या कुलवृत्तांतात असले तपशील झाकतात, फेरफारात झाकता येत नाहीत. लेखकांनी ती वही उघडली नाही, एवढंच.

अर्धेलवाला: हेच तर मी मघापासून म्हणतोय.

फेरफार_वाचणारी: नाही. तुम्ही म्हणत होतात, नोंदच नाही. म्हणजे लेखकाला तुम्हीच सूट देत होतात.

जगबुडीकाठ: बरं, कुळांच्या चार पिढ्या लिहिता येतात, मान्य. मग लिहा ना कुणीतरी. पेंडसे दापोलीकडच्या मुर्डीचे, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये. जे घर आतून माहीत होतं ते त्यांनी लिहिलं. आणि वाड्याचं गुणगान केलंय म्हणणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही. त्यातले खोत काय लायकीचे आहेत, वाचा एकदा.

अर्धेलवाला: खोत नालायक दाखवले, याबद्दल आभार. तरी पानं त्यांनाच मिळाली. नालायकालाही चार पिढ्या, आणि राबणाऱ्याला एक ओळ.

जगबुडीकाठ: या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण म्हणून पुस्तक लहान होत नाही.

वाड्यातली: अर्धेलवाले, तुम्ही वाचलंय का पण?

अर्धेलवाला: निम्मं. अर्धेल भरून झालाय, आता वेठीला बोलावू नका.

पान_दुमडू: म्हणजे पहिला खंड तुमच्याकडेच आहे!

खाडीपलीकडे: ते राहू दे. केपटाऊनच्या चुलत्याची सही कशी घ्यायची?

फेरफार_वाचणारी: कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने इथे तुम्ही सही करायचा अधिकार. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायला सांगा, इथे आल्यावर मुद्रांक भरा. आणि आधी पणजोबांची वारसनोंद करून घ्या, नाहीतर ते पत्र घेऊन तलाठी करणार काय?