मदत हवी आहे: कारची बॅटरी बदलायची आहे, नागपूरच्या उन्हात टिकेल अशी कोणती घ्यावी?

गोरेवाडा

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, घरात एकच. हल्ली सकाळी सेल्फ मारला की इंजिन जडपणे फिरतं, अडखळतं आणि मग कसंबसं सुरू होतं. दुपारी मात्र तीच गाडी निमूट सुरू होते. बॅटरी चार वर्षांची, मेन्टेनन्स-फ्री. लेबलवर ३८बी२०एल आणि ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) लिहिलंय.

घराजवळच्या बॅटरीवाल्यानं बॉनेट न उघडताच "ही गेली साहेब, नवी टाका" म्हटलं. सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणाले की अल्टरनेटरही (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा भाग) बघावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात दोन बॅटऱ्या आल्या असत्या. मेव्हणे म्हणतात ४५ एएचची बसव, एसी जोरात चालेल. ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, ऑनलाइन मागव, घरी येऊन बसवून देतात.

गाडी बारा महिने उघड्यावर असते, सोसायटीत शेड नाही. रोजचं चालवणं म्हणजे मुलीची शाळा, भाजी, कधी सीताबर्डी. एका खेपेला तीन-चार किलोमीटर. महिना-दोन महिन्यांत एखादी अमरावती किंवा वर्धा. डॅशकॅम बसवलेला आहे, बाकी सगळं कंपनीचंच. एक्साइड, अमरॉन, एसएफ सोनिक, टाटा ग्रीन यांपैकी आपल्या हवेत कोणती चांगली चालते? बजेट पाच हजारांपर्यंत.

एमएच_एकतीस

भाऊ, ब्रँड मागून पाहू. आधी बॅटरीच गेली हे पक्कं करून घ्या ना. दुकानदार तर म्हणणारच, त्याचा धंदा आहे. मल्टिमीटर आहे का घरी? नसेल तर घेऊन टाका, चारशे-पाचशेत येतो, आयुष्यभर कामी पडते.

रात्री गाडी बंद केली की सकाळी दरवाजा न उघडता, सेल्फ न मारता टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. बॉनेटची कळ रात्रीच ओढून ठेवा, नाहीतर दरवाजा उघडल्यावर आतले दिवे लागतात अन् आकडा खाली येते.

हिंगणा_टी_पॉइंट

एवढं कशाला? गाडी सुरू करा आणि चालू इंजिनवर बॅटरीचं एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आमचा मेकॅनिक असंच करतो, दोन मिनिटांचं काम.

जुना_गॅरेजवाला

वरचा उपाय कृपया कोणी करू नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात खपून जायचं. चालू इंजिनवर बॅटरी सोडली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळी मारतो, बॅटरी तो झटका एरवी पोटात घेते. ती नसली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टीम, खुद्द अल्टरनेटरचे डायोड, यांतलं काहीही जाऊ शकतं. चार हजारांची बॅटरी तपासायला पंधरा हजारांचा ईसीयू पणाला लावायचा नसतो. मेकॅनिक हे करताना दिसला तर त्याला थांबवा, तोंडदेखली भीड ठेवू नका.

आता गोरेवाडा, तुमच्यासाठी. तीन आकडे घ्या, व्होल्टमध्ये.

पहिला, रात्रभर उभ्या गाडीचा. १२.६च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे जेमतेम पाव शिल्लक. अर्ध्या रिकाम्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती कधीच पूर्ण भरत नाही.

दुसरा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या वेळचा. १०च्या आसपास राहिला तर ठीक, ९.६च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे, नाहीतर केबलची पकड तरी सैल आहे.

तिसरा, इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५च्या मध्ये असला, आणि हेडलाइट, एसी लावल्यावरही फार घसरला नाही, तर अल्टरनेटर नीट काम करतोय. सर्व्हिस सेंटरला नमस्कार करा आणि या.

मापं घेण्याआधी टर्मिनल पाहून घ्या. पांढरट-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, आवळा, वरून व्हॅसलीन. निम्म्या "बॅटऱ्या" इथेच बऱ्या होतात. आणि बॅटरीवरच्या त्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो, उरलेले पाच काय करताहेत ते त्याला दिसत नाही.

पुणेकर_नागपुरी

मेव्हण्यांच्या ४५ एएचबद्दल. मोठ्या बॅटरीनं अल्टरनेटर जळतो हे खोटं आहे, पण एसी जोरात चालतो हेही तितकंच खोटं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, बॅटरीचा त्याच्या गारव्याशी संबंध नाही. खरा प्रश्न जागेचा आहे. ३८बी२०एलमधला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, बी हा रुंदी-उंचीचा वर्ग आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. मोठी घेतली तर ट्रेमध्ये बसणार नाही, वरची पट्टी लागणार नाही आणि खड्ड्यात बॅटरी नाचेल. नाचणारी बॅटरी आतून लवकर तुटते. एलऐवजी आर अक्षराची घेतलीत तर केबलच पोहोचणार नाही. तोच आकार, तेच अक्षर घ्या. त्याच आकारात सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायची ताकद) जास्त मिळत असेल तर खुशाल घ्या.

गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन सुरू होणारी असती तर ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारची घ्यावी लागली असती, साधी तिथे लवकर खराब होते. २०१८च्या साध्या पेट्रोल हॅचबॅकला बहुधा तो प्रश्न नाही.

गोरेवाडा

सर्वांचे आभार. टर्मिनल सोड्यानं धुऊन घेतले. सकाळी उभ्या गाडीवर १२.१८. सेल्फ मारताना ९.२ पर्यंत खाली. इंजिन चालू असताना १४.२, एसी आणि हेडलाइट लावून १३.९. म्हणजे अल्टरनेटर सुटला ना?

जुना_गॅरेजवाला

निर्दोष सुटला. पण १२.१८ का, हे अजून कळलेलं नाही. बॅटरी भरत नाही, की भरलेली रात्रीत कुणी पिऊन टाकतं? तुम्ही डॅशकॅम म्हणालात. तो चावी काढल्यावर बंद होतो की पार्किंग मोडवर चालू राहतो?

गोरेवाडा

पार्किंग मोड. फ्यूज बॉक्समधून कायम चालू असलेल्या लाइनवर जोडलाय. सोसायटीत ओरखडे पडायचे म्हणून मुद्दाम तसा घेतला.

जुना_गॅरेजवाला

मग बंद गाडीतली विजेची गळती मोजाच. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. गाडीची कॉम्प्युटरं झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सामान्य.

गोरेवाडा

०.२८ अँपिअर. कॅमेऱ्याचा फ्यूज काढला तर ०.०३.

जुना_गॅरेजवाला

सापडला. हिशेब करा: ०.२८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला पावणेसात एएचच्या आसपास. तुमची बॅटरी ३५ची, तीही नवी असताना. शनिवार-रविवार गाडी हलली नाही की एक तृतीयांशाहून जास्त गेलीच. आणि शाळेच्या तीन-चार किलोमीटरच्या खेपेत, एसीचा पंखा फुल्ल, निम्मा वेळ सिग्नलला, अल्टरनेटर त्यातलं फार थोडं परत देतो. नवी बॅटरी याच जोडणीवर टाकली असती तर तिचीही हीच गत झाली असती आणि तुम्ही इथे येऊन त्या कंपनीला शिव्या दिल्या असत्या.

आता फ्यूज काढून ठेवा, बॅटरी बाहेर काढून चार्जरवर रात्रभर सावकाश भरा, मग काहीही न जोडता एक दिवस ठेवून पुन्हा मोजा. १२.६ टिकलं तर आणखी काही महिने चालेल. घसरलं तर ती संपली.

कळमनावाली

तोवर खरेदीचं बोलून घेते. ब्रँडवर इथे फार वेळ घालवू नका. तुम्ही नावं घेतलेल्या चारही चालतात, आणि एसएफ सोनिक एक्साइडचीच आहे. आपल्याकडे फरक पडतो तो बॅटरी किती ताजी आहे याने. दुकानाच्या ओट्यावर मे महिनाभर तापलेली बॅटरी नावानं नवी असते इतकंच. निर्मितीची तारीख कोडमध्ये छापलेली असते, दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी काढायला सांगा. काउंटरवरच मीटर लावा, १२.५च्या खाली असेल तर हात लावू नका. ज्या दुकानात माल खपतो तिथे ताजा मिळतो, म्हणून गल्लीतल्या एकट्या दुकानापेक्षा मोठ्या डीलरकडे जा, थोडं लांब पडलं तरी.

वॉरंटीचा आकडा नुसता मोठा पाहू नका, त्याचे दोन तुकडे असतात. ६० महिने म्हटलं की त्यात पहिले काही महिने फुकट बदलून आणि पुढचे प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या काळाच्या हिशेबानं नव्या बॅटरीवर नुसती सूट. प्रो-राटाची सूट छापील किमतीवर मिळते, आणि बाजारात बॅटरी तशीही छापील किमतीच्या खाली मिळते. म्हणजे त्या दुसऱ्या तुकड्यात हातात फारसं काही येत नाही. फुकट बदलीचे महिने ज्यात जास्त ती घ्या. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक वेळा नवी वॉरंटी नसते, जुनीच उरलेली चालते, हेही ध्यानात असू द्या.

आणि कार्डावर शिक्का, गाडीचा नंबर, सिरियल नंबर, पक्कं बिल, सगळं तिथल्या तिथे. आमच्याकडे एका दुकानदारानं "नंतर शिक्का मारून देतो" म्हटलं, आणि बॅटरी वर्षात बसली तेव्हा तो ओळखही दाखवेना. ऑनलाइनवाल्यांचं मला वावडं नाही, फक्त आधी विचारा की क्लेमसाठी नागपुरात कुठे जायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

एमएच_एकतीस

ताईंनी बरोबर सांगितलं. जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिचे पैसे वजा होऊन राहतात. भंगारवाल्याला देऊ नका, दोनशे जास्त देऊन राहिला तरी. तो ॲसिड नालीत सोडते अन् शिसं उघड्यावर वितळवते. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, म्हणून डीलरकडे दिलेली बरी. अन् सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवर जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, बिलात पाहून घ्या.

पुणेकर_नागपुरी

एक शंका. बॅटऱ्या थंडीत बसतात असं सगळीकडे वाचतो. मग नागपुरात उन्हाला एवढं का घाबरायचं?

जुना_गॅरेजवाला

कारण थंडीत ती उघडी पडते, पण खराब आधीच झालेली असते. उष्णतेनं आतलं पाणी उडतं आणि शिशाच्या जाळ्या गंजतात. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांनी हे निम्म्यानं आयुष्य खातं. मे २०२४ मध्ये आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, मग कळलं की सेन्सर बिघडला होता. ते सोडा, ४५च्या आसपास तर आपल्याला नेहमीचं, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या भट्टीतून निघालेली बॅटरी डिसेंबरच्या सकाळी, इंजिन ऑइल घट्ट असताना, सेल्फला ताकद पुरवू शकत नाही. म्हणून इथे तीन-साडेतीन वर्षं निघाली तर मी ग्राहकाला तक्रार करू देत नाही. तुमची चार चालली, छान चालली.

बॅटरीभोवती कंपनीनं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण दिलेलं असेल तर ते परत बसवून घ्या. आमच्याच धंद्यातले लोक ते "अडचण होते" म्हणून फेकतात. उष्णतेपासून वाचवायलाच ते असतं.

गोरेवाडा

चार्जरवरून काढल्यावर १२.७ होती, काहीही न जोडता दुसऱ्या दिवशी १२.२. म्हणजे कॅमेऱ्यानं प्यायली आणि शेवटी तीही थकली, दोन्ही खरं.

३८बी२०एलच घेतोय. कामठी रोडवरच्या एका डीलरकडे दोन महिन्यांपूर्वीचा माल आहे, मीटरवर १२.६२. जुनी देऊन ४,४००. दुसऱ्या ब्रँडची ३०० रुपयांनी स्वस्त होती, पण तिचे फुकट बदलीचे महिने कमी आणि तारीख सात महिन्यांपूर्वीची, म्हणून सोडली. मेव्हण्यांना पट्टा आणि कॉम्प्रेसर समजावून सांगितला, ते अजून नाराज आहेत.

पार्किंग मोड पूर्ण बंद करावा का? ओरखड्यांचं काय?

जुना_गॅरेजवाला

कॅमेऱ्याच्या वायरिंग किटवर व्होल्टेज कट-ऑफची छोटी कळ असते, ती १२.२ किंवा त्याच्या वर ठेवा. त्याखाली आलं की कॅमेरा स्वतः बंद होईल. बहुतेक लोकांची ती ११.६ वर राहून जाते. आणि सलग सुट्टी असली की वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या. आठवड्यातून एकदा गाडी रिंग रोडवर अर्धा-पाऊण तास पळवली तर बॅटरी पुरती भरते.

बसवताना निगेटिव्ह आधी काढायला सांगा आणि शेवटी लावायला. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. नंतर घड्याळ लावून घ्या, खिडकीची ऑटो काच एकदा पूर्ण खाली-वर करा. पहिल्या दिवशी आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) थोडा वर-खाली होईल, घाबरून गॅरेजला नेऊ नका.

गोरेवाडा

कळ बघितली, ११.६ वरच होती. १२.२ वर केली. शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत बसवून घेतो.